पहिली पायरी चढण्यापूर्वीं

पाहुण्याच्या स्वागतांत वऱ्हाडी माणूस कधीं हात आंखडीत नाहीं. तथापि घरच्याच मुलानें आतिथ्य हा आपला व्यवसाय करण्याचें मनांत आणिलें कीं, तोच माणूस कपाळास आठ्या घालून विचारतो, “शिकून सवरून लोकांचीं ताटें उचलणार काय?” या प्रश्नाचें उत्तर देणें अवश्य आहे. परंतु ज्याच्यामुळें मुलांचें खरें नुकसान होतें असा एक प्रश्न निराळाच आहे, व तो फारसा कोणी विचारीत नाहीं.

पहिल्याचें उत्तर आमच्या विद्यापीठाच्या नांवांतच आहे. सन १९८३ मध्यें अमरावतीस स्थापन झालेलें हें विद्यापीठ आज संत गाडगेबाबांचें नांव धारण करितें. याच जिल्ह्यांत १८७६ सालीं जन्मलेल्या त्या पुरुषानें हातांत खराटा घेतला, पंढरपूर, नाशिक, आळंदी येथें यात्रेकरूंसाठीं धर्मशाळा उभारिल्या, आणि मुलांस शाळेंत घाला असें गांवोगांव सांगितलें. थकल्या प्रवाशास स्वच्छ जागा देणें हें काम त्यांस हलकें वाटलें नाहीं. मग तें आमच्या मुलांस कां वाटावें? शिवाय कामाचें क्षेत्रही दूर नाहीं. चिखलदऱ्याची थंड हवा, मेळघाटचें अरण्य, शेगांवची यात्रा, या सर्वांसाठीं येणाऱ्या लोकांस राहण्याजेवण्याची चोख व्यवस्था लागतेच.

आतां दुसरा प्रश्न. ज्या घराचा संसार कपाशीच्या व सोयाबीनच्या भावावर चालतो, त्या घरास मुलाला तीन-चार वर्षें पुण्यामुंबईस ठेवणें सोपें नसतें. म्हणून मुलगा किंवा मुलगी अमरावती-अकोल्याकडेच सहा महिन्यांचा अथवा वर्षाचा अभ्यासक्रम घेते, लवकर नोकरीस लागते, आणि पदवीचें पुढें पाहूं असें म्हणते. यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु वरच्या जागेसाठीं पदवी मागितली जाते, आणि विद्यापीठाच्या दाराशीं गेल्यावर कित्येकांस कळतें कीं, पूर्वीचें शिक्षण तेथें जमेस धरीत नाहींत. आरंभ पुन्हां पहिल्या वर्षापासून! आमचें मत असें कीं, हा तोटा लहान अभ्यासक्रम घेतल्यानें होत नाहीं. तो न विचारतां घेतल्यानें होतो.

वस्तुतः दोन्ही शिक्षणांची सांगड घालण्याचे यत्न आपल्या देशांत बरेच झाले आहेत. गरजू तरुणांस स्थानिक धंद्याचें शिक्षण देणारीं सामुदायिक महाविद्यालयें १९९५ सालीं पाँडिचेरीस व १९९६ सालीं मद्रासेस निघालीं. २०१३ मध्यें कौशल्यशिक्षणाच्या पातळ्या ठरविणारी राष्ट्रीय चौकट जाहीर झाली. २०२० च्या शैक्षणिक धोरणानें एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका व तीन वर्षांनंतर पदवी, आणि मध्येंच सोडलेलें शिक्षण पुन्हां धरण्याची मोकळीक, अशी योजना मांडली. पाठोपाठ २०२१ मध्यें क्रेडिट म्हणजे श्रेयांक सांठविण्याची एक पेढीच निघाली. साधारणतः १५ तासांचें अध्यापन किंवा ३० तासांचें प्रात्यक्षिक म्हणजे एक श्रेयांक. हे श्रेयांक विद्यार्थ्याच्या नांवें सात वर्षांपर्यंत जमा राहूं शकतात.

परंतु पेढी हिशेब ठेवते, प्रवेश देत नाहीं. जमा झालेले श्रेयांक पतकरावयाचे कीं नाहीं हें पदवी देणारी संस्था आपला अभ्यासक्रम ताडून पाहून ठरविते. आणि पदव्यांचे मार्गही अनेक आहेत. लीलावती मुनशी यांच्या पुढाकारानें १९५४ सालीं मुंबईस या विषयाची संस्था निघाली. पुढें १९८२ मध्यें केंद्र सरकारनें राष्ट्रीय परिषद स्थापिली. तिच्याशीं संलग्न संस्थांत अखिल भारतीय प्रवेश-परीक्षेनें पहिल्या वर्षांत प्रवेश मिळतो, व त्यासाठीं बारावीस इंग्रजी हा विषय लागतो. चार वर्षांच्या पदवीसाठीं राज्याची परीक्षा निराळी आहे. नोकरी न सोडतां शिकूं इच्छिणारांस १९८९ सालीं नाशिकास स्थापन झालेल्या मुक्त विद्यापीठासारखी वाट आहे. एका वाटेवरचें प्रमाणपत्र दुसरीवर चालेलच असें गृहीत धरणें म्हणजे अकोल्याचें तिकीट काढून नागपुराच्या गाडींत बसणें होय.

म्हणून फी भरण्यापूर्वीं पालकांनीं चार गोष्टी अवश्य विचाराव्या. प्रमाणपत्र कोणाच्या सहीचें, व राष्ट्रीय चौकटींत तें कोणत्या पातळीचें? श्रेयांक किती, व ते मुलाच्या खात्यावर जमा होतील काय? ते कोणतें विद्यापीठ, कोणत्या पदवीच्या कितव्या वर्षासाठीं मान्य करितें? आणि हें सर्व लेखी मिळेल काय? तोंडी आश्वासनावर गाईचा सौदा करण्यास जो शेतकरी तयार होत नाहीं, त्यानें मुलाच्या वर्षाचा सौदा तरी तसा कां करावा? विद्यार्थ्यांनीं, अभ्यासक्रम कितीही लहान असो, बारावी अर्धवट सोडूं नये. तसेंच छापील अभ्यासक्रम, गुणपत्रकें व हॉटेलांत केलेल्या उमेदवारीचे दाखले जपून ठेवावे.

कॉलेजांकडेही आमचें एक मागणें आहे. पुढची वाट जेथें बंद असेल, तेथें ती बंद आहे असें त्यांनीं प्रवेशपत्रिकेवरच छापावें. मोठ्या शहरांतल्या मुलाचें वर्ष फुकट गेलें तर कदाचित् भरून निघेल. आमच्या खेड्यांतल्या मुलीचें एक वर्ष गेलें कीं पुष्कळदां तिचें शिक्षणच संपतें.

अखेर एवढेंच कीं, लहान अभ्यासक्रमांत हात तयार होतो: कणीक कशी मळावी, मेज कसें मांडावें, पाहुण्याशीं कसें बोलावें. पदवीच्या अभ्यासांत ताटामागें खर्च किती येतो, अन्नसुरक्षेचा २००६ चा कायदा काय सांगतो, पन्नास माणसांस कामें कशीं वांटावीं, याचा विचार करावयास शिकवितात. ज्याचा हात आधीं तयार आहे त्याच्या हिशेबांत चूक थोडी होईल, असा आमचा विश्वास आहे. ज्यानें स्वतः ताटें उचललीं आहेत, तोच उद्यां दुसऱ्याकडून तीं सन्मानानें उचलवून घेईल. मात्र त्यास विद्यापीठाच्या दारापर्यंत पोंचतां आलें पाहिजे; आणि त्याची तजवीज पहिल्याच दिवशीं व्हावयास हवी.