घर हेही कामाचे ठिकाण

नागपूरच्या प्रतापनगरात सकाळी सातच्या सुमारास दोन कष्टकरी एकमेकांच्या शेजारून जातात. एक म्हणजे रात्रपाळी संपवून फाटकावरून उठणारा रखवालदार. दुसरी, जयताळ्याकडून पायी किंवा सायकलने येऊन त्याच फाटकातून आत शिरणारी धुणीभांडी करणारी बाई. रखवालदाराची स्थिती चांगली आहे असे कोणी म्हणणार नाही. तथापि त्याच्यासाठी १९८१ पासून महाराष्ट्र खाजगी सुरक्षारक्षक अधिनियम आहे, मंडळ आहे, मालकाने लेव्ही भरावी अशी तरतूद आहे. कंत्राटदार ती बुडवत असेल, तर 'बुडवली' असे म्हणायला त्याच्या हातात कायद्याचे कलम आहे. बाईच्या बाबतीत मालकाने बुडवावे असे काही कायद्याने निर्माणच केलेले नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चार श्रमसंहिता अमलात आणल्या. त्यांतील औद्योगिक संबंध संहितेने 'उद्योग' या शब्दाची व्याख्या करताना घरगुती सेवा नाव घेऊन वगळली आहे. हा विचार नवा नव्हे. १९८२ च्या दुरुस्तीतही तो होता. परंतु त्या दुरुस्तीतील उद्योगाची व्याख्या कधी अमलात आणलीच गेली नाही. चाळीस वर्षे जे कागदावर पडून होते ते आता प्रत्यक्ष कायदा झाले आहे. घरकामगार स्त्रीला कामावरून काढले तर तिचा तंटा हा औद्योगिक तंटा नव्हे, हे संसदेने स्पष्ट करून टाकले.

यामागे केवळ अनास्था नाही, एक अर्थशास्त्रीय समजूत आहे. घर हे उपभोगाचे ठिकाण, उत्पादनाचे नव्हे, ही ती समजूत. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने शतकापूर्वी दाखवून दिले होते की, एखाद्या गृहस्थाने आपल्या घरकाम करणाऱ्या बाईशी विवाह केला तर राष्ट्रीय उत्पन्न तेवढ्याने घटते. काम तेच राहते, मजुरी तेवढी नाहीशी होते. विद्यार्थी या उदाहरणाला हसतात आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतात. पत्नी जे काम फुकट करते त्या कामाला किंमत नाही. म्हणून तेच काम करणाऱ्या परस्त्रीच्या मजुरीलाही किंमत नाही, हा त्या उदाहरणातला खरा बोध वर्गात शिकवला जात नाही. घरकामगार स्त्रीचे हक्क आणि घरातल्या स्त्रीचे हक्क हे दोन निराळे प्रश्न नाहीत, ते येथे कळते.

नागपूरला तरी हा प्रश्न अपरिचित नसावा. २० जुलै १९४२ रोजी येथल्या मोहन पार्कमध्ये अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या आणि डॉ. आंबेडकर उपस्थित होते. त्या परिषदेने घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीत्वाचा निषेध केला, कायदेमंडळात स्त्रियांना जागा मागितल्या. आणि त्याच व्यासपीठावरून गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका, रेल्वे येथल्या मजूर स्त्रियांसाठी वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा, दुखापतीची भरपाई व वीस वर्षांच्या नोकरीनंतर किमान १५ रुपये निवृत्तिवेतन मागितले. विवाहाचा कायदा आणि रजेचा कायदा एकाच सभेत मागणाऱ्या त्या स्त्रिया होत्या. सुशिक्षितांच्या स्त्री-संघटना आणि पुरुषांच्या कामगार संघटना यांनी पुढे हे दोन धागे वेगळे केले, ही कबुली समाजवाद्यांनीही दिली पाहिजे.

ते धागे पुन्हा जुळवण्याचा प्रयत्न मोलकरणींनीच केला. १९८० मध्ये पुण्यात त्यांनी कोणा पुढाऱ्याची वाट न पाहता संप केला. त्याच सुमारास नागपुरात रूपाताई कुलकर्णी यांनी विदर्भ मोलकरीण संघटना उभी केली. मोर्चे, निवेदने, शिष्टमंडळे यांत जवळजवळ तीन दशके गेली, तेव्हा कुठे २००८ चा महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम मिळाला. नोंदणी, अपघातात साहाय्य, प्रसूतीसाठी मदत, मुलांच्या शिक्षणाला हातभार, अंत्यविधीचा खर्च. यांतले काहीच टाकाऊ नाही. परंतु कायदा वाचणाऱ्याच्या ध्यानात येते की त्यात मालक नाही. पगार किती, आठवड्याची सुटी कोणती, काढून टाकताना पूर्वसूचना किती दिवसांची, याविषयी कायदा मौन पाळतो, आणि निधीत मालकाने काही भरावे असे सक्तीचे बंधन नाही. मरणाऱ्या बाईच्या अंत्यविधीची तरतूद आहे. जिवंत बाईच्या रविवारची नाही.

याच महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा करून दाखवला होता. हमालाला एक मालक नसतो, दिवसाला दहा असतात, म्हणून त्याला कायदा लागू करता येणार नाही, असा युक्तिवाद तेव्हा होत असे. मंडळात मालक, कामगार व शासन तिघांना बसवून, मजुरीवर लेव्ही आकारून ती अडचण दूर करण्यात आली. चार घरी काम करणाऱ्या बाईची अडचण नेमकी हीच आहे. उदाहरणादाखल, प्रत्येक घर तिला दोन हजार रुपये देत असेल आणि त्यावर तीस टक्के लेव्ही बसवली, तर प्रत्येक घराला महिना सहाशे रुपये पडतील. चार घरांचे मिळून चोवीसशे. एवढ्यात भविष्य निर्वाह निधी, भरपगारी रजा व प्रसूतिलाभ यांची सुरुवात होऊ शकते. कर्नाटकाने २००४ मध्ये घरकामाला किमान वेतन लागू केले. तेथील गृहस्थजीवन त्यामुळे कोसळल्याचे कोणी सांगितलेले नाही.

सर्वांत नाजूक बाजू शरीराची आहे. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याने निवासस्थानालाही कामाचे ठिकाण मानले, हे मोठेच पाऊल. मात्र कचेरीतल्या स्त्रीला अंतर्गत समिती मिळते. घरकामगार स्त्रीने जायचे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, आणि त्या समितीने प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास सात दिवसांत प्रकरण पोलिसांकडे पाठवायचे. म्हणजे पोलिसांची पायरी टाळावी म्हणून केलेला कायदा जिला त्याची गरज सर्वाधिक तिला पुन्हा त्याच पायरीवर नेऊन उभी करतो. तिच्या तक्रारीपूर्वीच मालकाची चोरीची तक्रार तेथे येऊन पडलेली असेल, ही भीती तिला असते, आणि ती निराधार नाही.

पोलिसांच्या पायरीविषयी विदर्भाला काही निराळे सांगायला नको. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या ठाण्यात जिच्यावर अत्याचार झाला, ती दुसऱ्याच्या घरी कामाला जाणारी आदिवासी मुलगी होती. खटला आजही तिच्या नावाने ओळखला जातो. पीडितेचे नाव उघड करू नये असा कायदा ज्या खटल्यामुळे झाला त्याच्या बाबतीत तरी तो पाळावा आणि कायद्याच्या अहवालांप्रमाणे आरोपीच्या नावाने त्याचा उल्लेख करावा. 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र' या खटल्यात नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये दोघा पोलिसांना दोषी ठरवले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिले, कारण तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या. भीतीने गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, हे उपेन्द्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धागमवार यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुल्या पत्राने सांगितले. स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. शासनाला स्त्रियांचे ऐकावे लागते याचा हा पुरावा आहे. पण मालकाच्या घरात गप्प राहणाऱ्या बाईचे मौन अजून कायद्याला नीट वाचता आलेले नाही.

'आमच्याकडे ती घरच्यासारखीच आहे,' हे वाक्य पक्षाच्या सहानुभूतिदारांच्या घरीही ऐकू येते. तिला मावशी म्हणतात, दिवाळीला साडी देतात. पण सख्ख्या मावशीने दोन दिवस अंथरूण धरले तर तिचा खाडा कोणी मांडत नाही. जिनिव्हात जून २०११ मध्ये घरकामगारांविषयीचा १८९ क्रमांकाचा करार संमत झाला तेव्हा भारताने बाजूने मत दिले, पण अनुमोदन दिलेले नाही. घरात समतेची भाषा आणि हिशेबाच्या वहीत खाडा, हा त्याचाच छोटा नमुना होय.

सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ रोजी घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करण्यास समिती नेमावी असा आदेश केंद्राला दिला. केंद्राची वाट पाहण्याचे महाराष्ट्राला कारण नाही. माथाडीच्या धर्तीवर लेव्ही, लेखी करार, आठवड्याची भरपगारी सुटी, प्रसूतिलाभ, आणि स्थानिक समितीला स्वतः चौकशी करून भरपाई देण्याचा अधिकार, एवढे राज्य विधेयक आणता येईल. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते तेव्हा मोलकरणींच्या मोर्चाबरोबर कार्यकर्त्यांनी चालावे, हे ओघानेच आले. त्याआधी प्रतापनगरातल्या, खामल्यातल्या, धरमपेठेतल्या सभासदांनी आपापल्या घरी एवढे सांगून ठेवावे की, मोर्चाच्या दिवशी बाई येणार नाही आणि त्या दिवसाचा खाडा मांडायचा नाही.