घडाची नजर, प्याल्याची चव

नवा वाण दाखवला की आपला बागायतदार आधी घड तळहातावर तोलतो, मग मण्याची फुगवण बघतो, मग साखर. थॉमसनवर तयार झालेली ही नजर निर्यातीच्या बागेत सोन्यासारखी. पांढऱ्या वाइनसाठी संकरित वाण निवडताना मात्र ती दगा देते.

ट्रॅमिनेटचीच हकिकत घ्या. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात हर्ब बॅरेट यांनी 1965 मध्ये जोआनेस सेव्ह 23.416 या फ्रेंच संकरित वाणाचा गेवुर्झट्रामिनरशी संकर केला. त्यांना हवी होती मोठ्या घडाची, गेवुर्झच्या सुगंधाची खाण्याची द्राक्षे! त्या रोपाचे खरे मोल कळले ते वाइन करून चाखल्यावर. न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा केंद्राने वाण प्रसारित केला तो 1996 मध्ये, म्हणजे 31 वर्षांनी. गेवुर्झची आम्लता पिकताना ढासळते; ट्रॅमिनेटमध्ये सुगंध आला आणि आम्लही टिकले. घड तोलून हे कुणाला कळले असते?

आपल्याकडे तर आम्लाचाच प्रश्न मोठा. फळछाटणीनंतर घड थंडीत पोसतो, पण उशिराची तोडणी फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात सापडते आणि मॅलिक आम्ल झपाट्याने घटते. साखर भरायची वाट पाहावी तर सामू हाताबाहेर जातो. म्हणून मण्यात पाणी उतरल्यापासून दर चार-पाच दिवसांनी साखर, सामू आणि आम्लता तिन्ही मोजा. शेजारी त्याच खुंटावर, तेवढाच माल ठेवून शेनिन ब्लां असू द्या. तुलनेला काही नसेल तर आकडे नुसते आकडेच राहतात. मग दहा-पंधरा किलोंची वेगळी वाइन, एकच यीस्ट, एकच तापमान. चाखणाऱ्याला वाणाचे नाव सांगू नका. वर्षभराने तीच बाटली पुन्हा उघडा. वंशात लॅब्रुस्का असेल तर बंगलोर ब्लूचा तो ओळखीचा वास कितपत उतरला आहे, तेही तेव्हाच तपासा. रसात तो गोड वाटतो, वाइनमध्ये नकोसा होतो.

रोगप्रतिकाराबद्दल नर्सरीवाले छातीठोकपणे बोलतात. बोलोत बापडे. हंगेरीच्या बियांका या पांढऱ्या वाणाची प्रतिकारशक्ती भेदणारा डाऊनीचा प्रकार 2010 मध्येच शास्त्रीय नियतकालिकात नोंदला गेला आहे. तिथली वेल निदान हिवाळाभर झोपते. आपली खरड छाटणी आणि फळछाटणी मिळून वेलीवर जवळजवळ वर्षभर हिरवे पान असते. बुरशीला सुट्टी नाही. त्यामुळे वाणात प्रतिकाराची जनुके किती आणि कोणती, हे रोपांची ऑर्डर देण्यापूर्वी विचारा. उत्तर मिळाले नाही तर एकरभर लावू नका, एक ओळ लावा. आणि फवारणी एकदम बंद करण्याचे धाडस तर मुळीच नको.

पुढच्या अंकापासून अशा चाचण्यांच्या नोंदींसाठी दोन पाने राखून ठेवली आहेत. तोडणीच्या दिवशीचा सामू, आम्लता आणि वर्षभरानंतरची चव लिहून पाठवा. घडाचे फोटो छापणार नाही.