स्टँडबाय आणि बॅकअप : एक घातक गल्लत

स्टँडबाय डेटाबेस सर्व्हर उभा केला की बॅकअपची चिंता मिटली, असा समज डेटाबेस प्रशासकांमध्ये आजही आढळतो आणि तो दूर होणे निकडीचे आहे. पोस्टग्रेस प्रणालीत कोणताही बदल मूळ डेटा फाइलींत उतरण्यापूर्वी राइट-अहेड लॉग, म्हणजेच ‘वॉल’, या नोंदवहीत लिहिला जातो. मुख्य सर्व्हरवरील या नोंदी दुसऱ्या सर्व्हरकडे सतत पाठवून तेथे क्रमाने लागू करणे, हा स्टँडबायचा पाया होय. 2010 साली आलेल्या 9.0 या आवृत्तीपासून या नोंदी अखंड प्रवाहाने पाठवण्याची सोय झाली. परंतु जी यंत्रणा योग्य बदल क्षणार्धात पोहोचवते, तीच चुकून दिलेली डिलीटची आज्ञाही तितक्याच तत्परतेने पोहोचवते. त्यामुळे यंत्र बिघडल्यास स्टँडबाय तारतो, माणूस चुकल्यास मात्र त्याचा उपयोग होईलच असे नाही.

31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या कोड साठवण्याच्या सेवेवर ओढवलेला प्रसंग या दृष्टीने प्रत्येक प्रशासकाने मुळातून अभ्यासावा असा आहे. ताण वाढल्याने स्टँडबाय मागे पडला, त्याला हव्या असलेल्या वॉल फाइली मुख्य सर्व्हरवरून आधीच पुसल्या गेल्या होत्या आणि त्यांचे वेगळे जतन, म्हणजे आर्काइव्हिंग, केले जात नव्हते; म्हणून स्टँडबाय नव्याने भरण्याच्या खटाटोपात त्याची डिरेक्टरी रिकामी करण्याची आज्ञा चुकून मुख्य सर्व्हरवर दिली गेली. नियमित बॅकअप शोधला तर तोही नव्हता, कारण 9.6 च्या डेटाबेसवर 9.2 चे पीजी-डंप हे बॅकअप घेणारे साधन चालत असल्याने ते दररोज अपयशी ठरत होते आणि त्याची सूचना देणारे ईमेल नाकारले जात होते. अखेर कामाच्या निमित्ताने सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट उपयोगी पडला.

वॉलचे स्वतंत्र ठिकाणी आर्काइव्हिंग आणि त्याच्या जोडीला नियमित बेस बॅकअप असेल, तर चुकीच्या क्षणाच्या लगेच आधीपर्यंत डेटा परत आणता येतो. 9.4 पासून स्टँडबायवर नोंदी मुद्दाम काही तास उशिरा लागू करता येतात. असा एक विलंबित स्टँडबाय ठेवण्याचा खर्च नक्कीच सार्थकी लागतो. प्रत्येक प्रशासकाने याच महिन्यात रिकाम्या सर्व्हरवर बॅकअपमधून संपूर्ण डेटाबेस उभा करून पाहावा आणि त्यास लागलेला वेळ व्यवस्थापनासमोर लेखी ठेवावा.