रोग रेड्याला, औषध पखालीला

कामाने पिचलेल्या माणसाला विश्रांती द्यावी, हे सांगण्यासाठी फार मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. तरीही आज या साध्या गोष्टीला एक पर्याय पुढे केला जात आहे. रुग्णालयातील परिचारिकांना व डॉक्टरांना ताण येतो, झोप लागत नाही; तेव्हा त्यांच्या डोळ्यांवर आभासी वास्तवाचा चष्मा चढवावा, दहा-पंधरा मिनिटे त्यांना समुद्रकिनारा, वनराई किंवा चांदण्यांनी भरलेले आकाश दाखवावे, आणि शांत झालेल्या मनाने त्यांना पुन्हा वॉर्डात पाठवावे, असा हा उपचार. कोविडच्या महासाथीपासून परदेशांत त्याचे प्रयोग होत आहेत. नव्या यंत्राचे स्वागत करण्यात आपणही कधी मागे राहत नाही. म्हणूनच त्याविषयी चार स्पष्ट शब्द बोलणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आरंभीच सांगितले पाहिजे की, आमचा विरोध यंत्राला नाही. या चष्म्यात प्रत्येक डोळ्यापुढे किंचित वेगळे चित्र असते. मान वळविली की देखावाही वळतो. त्यामुळे मेंदू त्या देखाव्याला खरे स्थळ मानू लागतो आणि प्रत्यक्ष वेदनेवरचे लक्ष उडते. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात १९९० च्या दशकात भाजलेल्या रुग्णांना मलमपट्टीच्या वेळी हिमाच्छादित दरीचा असा देखावा दाखविण्यात आला, आणि त्यांच्या वेदना सुसह्य झाल्या. २०२१ साली त्या देशाच्या औषध प्रशासनाने जुनाट कंबरदुखीसाठी अशा एका उपकरणास संमती दिली. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे अतिदक्षता विभागातील परिचारिकांनी कोविडच्या काळात हा चष्मा वापरला, तेव्हा त्यांना जाणवणारा ताण उतरलेला आढळला. हे सारे आम्हांस मान्य आहे.

परंतु उतरले ते नेमके काय? चष्मा लावण्यापूर्वीचा ताण आणि तो काढल्यानंतरचा ताण यांतील तो फरक होता. दिवसभर धावणाऱ्या बाईला कोणी दहा मिनिटे स्वस्थ बसू दिले, तर चष्मा नसतानाही तिचे मन काहीसे निवते. मग यातले श्रेय चित्राला किती आणि त्या दहा मिनिटांच्या सुटकेला किती, हा प्रश्न विचारावयास नको काय?

झोपेची गोष्ट तर याहून कठीण आहे. आपल्या शरीराचे घड्याळ उजेडावर चालते. या घड्याळाची रचना उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. रात्रपाळी हे घड्याळ उलटे फिरविते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली, आणि फेरविचार करून पुन्हा २०१९ साली, रात्रपाळीची गणना बहुधा कर्करोगास कारणीभूत होणाऱ्या गोष्टींत केली आहे. आठवड्याला पाळी बदलणाऱ्या परिचारिकेची झोप तिच्या मनाच्या दुबळेपणामुळे उडालेली नसते. ती कामाच्या वेळापत्रकाने उडविलेली असते. वेळापत्रक तसेच ठेवून डोळ्यांपुढे चांदणे दाखविणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

हे केवळ आमचे मत नव्हे. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या नव्या वर्गीकरणात कामाच्या अतिताणाने येणाऱ्या शक्तिपाताची व्याख्या केली, तेव्हा त्याला रोग न म्हणता व्यवसायातून उद्भवणारी अवस्था म्हटले. दोष कोठे शोधावा हे त्यात आलेच. आपल्याकडे नियमांचीही वाण नाही. अतिदक्षता विभागात प्रत्येक पाळीला एका रुग्णामागे एक परिचारिका असावी, असे प्रमाण सांगितलेले आहे. निवासी डॉक्टरांचे सलग काम सामान्यतः बारा तासांहून अधिक नसावे, असे केंद्र शासनाने १९९२ सालीच ठरविले. असे असता ऑगस्ट २०२४ मध्ये कलकत्त्याच्या रुग्णालयात जी तरुण डॉक्टर मारली गेली, ती छत्तीस तासांच्या कामात सभाकक्षात अंग टाकून निजली होती. तिला आभासी वनराई नको होती. कडी लागणारे दार असलेली खोली हवी होती.

दूर कशाला जावे? ६ नोव्हेंबर २०२१ रोजी, ऐन भाऊबिजेच्या दिवशी, आपल्या नगरच्या जिल्हा रुग्णालयातील कोविड अतिदक्षता विभागाला आग लागली आणि अकरा रुग्णांचा अंत झाला. त्यानंतर एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्यास आणि तीन परिचारिकांना अटक झाली. कोण दोषी हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे; आम्ही तो अधिकार घेत नाही. मात्र त्या दिवसानंतर या जिल्ह्यातील प्रत्येक वॉर्डात रात्रपाळीला उभी राहणारी मुलगी कोणती भीती उशाशी घेऊन झोपत असेल, याची कल्पना करावी. ही भीती भ्रम नाही. तिच्यावर उपाय भिंतीत, वायरिंगमध्ये, आग विझविण्याच्या साधनांत आणि पुरेशा मनुष्यबळात आहे. ती भीती चित्राने घालविणे हा उपचार नव्हे, ही दिशाभूल आहे.

आणि गावोगाव फिरणाऱ्या आशाताईंचे काय? शासनाच्या लेखी त्या स्वयंसेविका. त्यामुळे कामाचे तास मोजण्याचा प्रश्नच नाही. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. पण मोबदल्यासाठी २०२१ साली आणि पुन्हा २०२३ साली त्यांना या राज्यात संप करावा लागला. त्यांच्यापर्यंत तो चष्मा पोहोचणारही नाही.

कोणी म्हणेल, "मनुष्यबळ येईल तेव्हा येईल, तोवर थोडा आराम मिळाला तर तुमचे काय बिघडले?" हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तर दिले पाहिजे. तात्पुरता आराम वाईट नाही. पण चष्मा एकदाच विकत घेता येतो, परिचारिकेला दरमहा वेतन द्यावे लागते. व्यवस्थापनाला यांतले कोणते सोयीचे, हे सांगावयास नको. एकदा चष्मा आला की "आम्ही उपाय केला आहे" असे म्हणता येते, आणि तरीही जी थकते तीच दोषी ठरते. तात्पुरते औषध असे कायमचे निमित्त होऊन बसते.

याच जिल्ह्याने जगाला दुसरी वाट दाखविली आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेड येथे कार्य आरंभिले. खेड्यांतील, बहुधा निरक्षर, कित्येकदा दलित स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका केले. या स्त्रिया ठरलेल्या दिवशी जामखेडला एकत्र येत, शिकत, आपापली सुखदुःखे एकमेकींना सांगत, एकत्र जेवत व मुक्काम करीत. ताणावरचा उपाय तेथे सोबत हा होता. चष्मा लावलेली परिचारिका मात्र एकटी असते. शेजारी बसलेली मैत्रीणही तिला दिसत नाही.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांच्या लेकी आणि सुना या सेवेत आहेत. विश्रांतीच्या आज्ञेत दासदासींचा आणि बैलाचाही उल्लेख आहे, हे आपण जाणतो. विश्रांती हा मालकाचा उपकार नसून कष्टकऱ्याचा हक्क आहे, असाच त्याचा अर्थ. तेव्हा मागणी स्पष्ट असू द्यावी: रिक्त पदे भरा, पाळ्यांचे वेळापत्रक महिनाभर आधी लावा, रात्रपाळीनंतर पुरती सुट्टी द्या, निजण्यासाठी सुरक्षित खोली द्या. एवढे झाल्यावर उरलेल्या पैशातून चष्मे खुशाल घ्यावेत. आणि रात्रपाळी करून आलेली मुलगी दिवसा निजली असता, दारावर आलेल्या पाहुण्याला "ती झोपली आहे, संध्याकाळी या" असे सांगण्याचे धैर्य प्रथम आपण आपल्या घरात दाखवावे.