औंधची सनद, मचाकोसचे बांध

१९३८ साली केनियातल्या मचाकोस जिल्ह्यात सरकारी माणसे अकांबा शेतकऱ्यांची गुरे ओढून नेत होती. जमीन धुपते आहे, गुरे फार झाली आहेत, ती कमी केलीच पाहिजेत, असे गोऱ्या अधिकाऱ्यांनी ठरवले होते. धूप खरी होती. पण कुणाची किती जनावरे जाणार आणि कोणत्या भावाने, हे त्यांच्या धन्याला कुणी विचारले नाही. मुइंदी म्बिंगू या पुढाऱ्याच्या मागे हजारो माणसे नैरोबीला गेली आणि आठवडेच्या आठवडे तिथे ठाण मांडून बसली. म्बिंगूला हद्दपारी भोगावी लागली, सक्तीची विक्री मात्र सरकारला थांबवावी लागली.

त्याच वर्षी औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवण्याचे जाहीर केले. गांधीजींच्या सल्ल्याने आणि मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरच्या मदतीने तयार झालेली राज्यघटना जानेवारी १९३९ मध्ये लागू झाली. बहात्तर गावांचे संस्थान, तेही सलग नाही: औंध खटावात, आटपाडी माणदेशात, कुंडल आजच्या पलूस तालुक्यात, गुणदाळ पार विजापूरकडे. बराचसा मुलूख दुष्काळी. बाजरी, मटकी, ज्वारी पिकली तर पिकली. अशा मुलखात गावाने पंच निवडायचे आणि पंचायतींच्या प्रतिनिधींनी वरचा कारभार पाहायचा, असे ठरले.

या प्रयोगाचा सर्वांत धाडसी भाग आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला झाला. खुनासारख्या गुन्ह्यांची शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांना तिथे भिंत नसलेल्या वसाहतीत आणून बायकामुलांसह राहू दिले आणि कसायला जमीन दिली. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) त्यातूनच सुचला. कथा माणदेशच्याच ग. दि. माडगूळकरांची. चित्रपटामुळे लोकांच्या लक्षात जेलर राहिला, पण खरे काम केले ते जमिनीने. पेरायचे काय, राखायचे कसे, हे ज्याच्या अंगावर आले तो माणूस सहसा पळून गेला नाही. ती खुली वसाहत आजही चालू आहे.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि राजेसाहेबांचे चिरंजीव, औंधच्या प्रयोगात आघाडीवर असलेले अप्पासाहेब पंत, त्याच वर्षी भारताचे प्रतिनिधी म्हणून नैरोबीला गेले. केनियातल्या स्वातंत्र्यवाद्यांशी त्यांची जवळीक ब्रिटिशांना खुपत होती. औंधचा आणि आफ्रिकेचा धागा असा थेट माणसातून गेलेला आहे. आफ्रिकेच्या अन्नसुरक्षेवर बोलताना मराठी माणसाने तो हाती घ्यायला हवा.

कारण मचाकोसची गोष्ट तिथे संपली नाही. चाळीस-पन्नासच्या दशकांत सरकारने लोकांना जबरदस्तीने बांध घालायला लावले. लोक त्या कामाचा तिरस्कार करत. पुढे आफ्रिकी शेतकऱ्यांवरची कॉफी लावण्याची बंदी उठली, देश स्वतंत्र झाला, जवळच्या नैरोबीची बाजारपेठ वाढली. मग त्याच लोकांनी आपल्या मर्जीने डोंगरउतार बांधून काढले. ‘म्वेथ्या’ नावाची त्यांची जुनी सावड होती. आज हिच्या रानात, उद्या तिच्या, अशी. त्यात बहुतेक बायकाच. समपातळीवर चर खणायचा आणि माती खाली न टाकता वरच्या अंगाला फेकायची, ही त्यांची रीत. कुदळीला ते कष्टाचे पडते, कारण माती चढणीला उचलावी लागते. पण पावसाने वाहून आणलेला गाळ त्या वरंब्याला अडतो, वरंब्यावर गवत धरते आणि काही वर्षांत उताराची सपाट पट्टी होते. १९३० च्या सुमारास जिल्ह्याची लोकसंख्या अडीच लाखांच्या आत होती, १९९० पर्यंत ती चौदा लाखांच्या घरात गेली. तरीही दरडोई शेती उत्पादन वाढले आणि धूप कमी झाली, असे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

माणसे तीच, डोंगर तोच. फरक पडला तो पीक, पैसा आणि निर्णय कुणाच्या हाती यात. आफ्रिकेतल्या सामूहिक शेतीच्या योजना कागदावर आखणाऱ्यांना ही साधी गोष्ट वारंवार विसरायला होते. २००३ मध्ये मापुटोत आफ्रिकी देशांनी अर्थसंकल्पाचा दहा टक्के वाटा शेतीला देण्याचे ठरवले. बहुतेकांनी ते पाळले नाही. बाहेरून मदत येते ती ट्रॅक्टर आणि कारखान्यांच्या रूपाने. भारतही यात मागे नाही. इथिओपियाच्या साखर उद्योगासाठी भारताने ६४ कोटी डॉलरचे कर्ज दिले, त्यातला तेंदाहोचा प्रकल्प आवाश खोऱ्यात, अफार पशुपालकांच्या चराऊ मुलखात उभा राहिला. दुष्काळात जनावरे जगवणारी नदीकाठची जमीन उसाखाली घालणे याला अन्नसुरक्षा म्हणता येणार नाही.

गावाच्या हाती निर्णय दिला की सगळे सुरळीत होते, असेही नाही. गावात बागायतदार असतो तसा भूमिहीनही असतो, आणि सभेत कुणाचा आवाज चढतो ते सर्वांना ठाऊक आहे. आफ्रिकेत बायका राबतात आणि जमीन बहुधा पुरुषांकडे असते, हे दुखणे आपल्याकडेही तेवढेच जुने आहे. यावरचा उतारा सांगली जिल्ह्यातच सापडतो. खटावातून वाहत येणाऱ्या येरळेवर, खानापूर तालुक्यातल्या बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी ऐंशीच्या दशकात नदीची वाळू विकून बळीराजा धरण बांधले. पाणी जमिनीच्या एकरांवर न देता कुटुंबावर दिले. भूमिहीनालाही हिस्सा, आणि त्या पाण्यावर ऊस नाही. पुढे आटपाडी भागातल्या पाणी परिषदांनी समान पाणीवाटपाची हीच मागणी टेंभू उपसा सिंचन योजनेसाठी लावून धरली.

आता टेंभूचे पाणी माणदेशात पोहोचले आहे. पाण्यामागून ऊस येतो, हा पश्चिम महाराष्ट्राचा अनुभव आहे. कुटुंबागणिक वाटा किती आणि त्यातला किती ज्वारी, कडधान्ये, चारा यांसाठी राखायचा, हे प्रत्येक ग्रामसभेने आताच ठरवावे; एकदा उसाची मुळी रुजली की ते ठरवणे कठीण होईल.

केंद्र सरकार १९६४ पासून ‘आयटेक’ कार्यक्रमाखाली आफ्रिका-आशियातल्या देशांतून लोकांना प्रशिक्षणासाठी बोलावते. त्यातल्या काही जागा मचाकोससारख्या भागांतल्या शेतकरी बायकांसाठी राखाव्यात. त्यांचा वर्ग बलवडीच्या धरणावर आणि आटपाडीच्या शिवारात भरावा, बोलणाऱ्याही इथल्या बायकाच असाव्यात. मग माणदेशातल्या बायकांच्या गटांनी मचाकोसला जाऊन ते बांध स्वतः पाहावेत आणि चढणीला माती कशी फेकतात ते तिथल्या बायकांकडून शिकून यावे. राज्याच्या कृषी खात्याने हा प्रस्ताव दिल्लीकडे पाठवायला हरकत नाही; इथिओपियाच्या साखर उद्योगाला दिलेल्या कर्जापुढे त्याचा खर्च नगण्य आहे.