शाल केवळ टक्क्यांनाच?

दहावीचे वर्ष उजाडले की नातवाचे फुटबॉलचे बूट माळ्यावर जातात. निर्णय बहुधा आपणा ज्येष्ठांचाच असतो. नागपुरात २००१ साली पावसात फुटक्या बादलीला लाथाडत खेळणारी झोपडपट्टीतील मुले पाहून क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी त्यांना चेंडू दिला. त्यातूनच ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात परीक्षेच्या वर्षाला सूट नाही! चेण्यातील मंडळांनी गुणवंतांच्या सत्कारात, अभ्यास सांभाळून मैदान न सोडणाऱ्या मुलामुलींनाही शाल-श्रीफळ द्यावे. नातवाला मैदानावर सोडायला चालत निघालेल्या आजोबांचे गुडघेही त्या निमित्ताने मोकळे होतील.