जुनी स्पोर्ट्स कार घेताय? मीटरवरचा आकडा सोडा, गाडीची मेमरी वाचा

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला. आधी तो २८ टक्के होता आणि वर सेस. नव्या गाड्या स्वस्त झाल्यावर जुन्या विकणाऱ्यांनाही भाव खाली आणावे लागले. तेव्हापासून माझ्या फीडमध्ये एकाच साच्यातली रील्स येतायत: पहिली नोकरी, पहिली गाडी, आणि ती थेट पोलो जीटी टीएसआय, अबार्थ पुंटो किंवा आय२० एन लाइन. बजेट थोडं मोठं असेल तर ऑक्टाव्हिया व्हीआरएस.

पुस्तकी व्याख्येने यातली एकही स्पोर्ट्स कार नाही, हे मला माहितीये. पण आपल्याकडे पगारात बसणारी आणि पाय दाबला की पाठ सीटला चिकटवणारी गाडी म्हणजे स्पोर्ट्स कारच. प्रश्न वेगळाच आहे. अशी गाडी आधीच्या मालकाने हळू चालवण्यासाठी घेतलेली नसते. आणि तिच्यावर काय काय झालंय याचा पुरावा हल्ली बॉनेटखाली कमी आणि चिपमध्ये जास्त असतो. पहिल्यांदा गाडी घेणारे मात्र अजूनही पेंटवर हात फिरवतात आणि मीटर बघतात.

मीटरचंच बघू. आजच्या गाडीत किलोमीटर म्हणजे मेमरीत लिहिलेला एक आकडा. योग्य टूल असेल तर तो बदलायला काही मिनिटं पुरतात. ७८ हजारचे ४३ हजार झाले की गाडीची किंमत लगेच वाढते. बेल्जियममध्ये २००६ पासून जुनी गाडी विकताना कार-पास नावाचा कागद द्यावाच लागतो, त्यात वेळोवेळी नोंदवलेले किलोमीटर असतात. ब्रिटनमध्ये गाडीचा नंबर टाकला की आधीच्या एमओटी तपासण्यांच्या वेळचं रीडिंग सरकारी साइटवर फुकट दिसतं. आपल्याकडे एमपरिवहनवर मालक कितवा, इन्शुरन्स कधीपर्यंत, पीयूसी आहे का, कर्जाचा बोजा आहे का, हे सगळं कळतं. गाडी किती चालली, ते नाही. वाहनसारखा देशभराचा डेटाबेस उभा असताना त्यात हा एक कॉलम नसावा, हे माझ्यातल्या इंजिनिअरला पटत नाही. तांत्रिकदृष्ट्या हे अवघड कामच नाही. इन्शुरन्सच्या रिन्युअलला आणि पीयूसीला एक आकडा टाइप करून घ्यायचा आणि तो खरेदीदाराला दाखवायचा, एवढंच.

तोपर्यंत आपलं आपण बघायचं. स्टिअरिंगच्या खाली डॅशबोर्डला ओबीडी पोर्ट असतो. हजारभर रुपयांत ईएलएम३२७ प्रकारचा ब्लूटूथ डोंगल मिळतो, फोनवर टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं अ‍ॅप टाकायचं. बहुतेक जण फक्त एरर कोड बघतात आणि "नो फॉल्ट्स" दिसलं की खूश होतात. पण कोड पुसणं म्हणजे एक बटण दाबणं. खरी माहिती बाजूच्या तीन ठिकाणी असते: कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, किती वेळा गार इंजिन गरम झालं, आणि रेडीनेस मॉनिटर पूर्ण झालेत का. कोड पुसले की हे मॉनिटर रिकामे होतात आणि गाडी नीट चालवल्याशिवाय भरत नाहीत.

मागच्या महिन्यात एका मित्राबरोबर पुण्यात २०१७ ची पोलो जीटी बघायला गेलो होतो. विकणारा म्हणाला, "दादा, गाडी एकदम मख्खन." मीटरवर ४३ हजार, चेक इंजिनचा दिवा बंद, कोड शून्य. अ‍ॅपमध्ये मात्र कोड पुसून फक्त ९ किलोमीटर झाले होते आणि निम्मे मॉनिटर अपूर्ण. बॅटरी काढली तरी काही गाड्यांत असं होतं, त्यामुळे लगेच कुणाला चोर म्हणायचं नाही. मित्राने इतकंच विचारलं, "उद्या पन्नासेक किलोमीटर फिरवून परत स्कॅन करू का?" उत्तर आलं, "घ्यायची असेल तर आज घ्या, दुसरी पार्टी तयार आहे." आम्ही निघालो.

फोक्सवॅगन-स्कोडाच्या गाड्यांत याहून एक पायरी खोल जाता येतं. या गाड्यांचं काम करणाऱ्या स्वतंत्र गॅरेजकडे व्हीसीडीएससारखा स्कॅनर असतो. त्यात इंजिन, गिअरबॉक्स, एबीएस अशी वेगवेगळी मोड्यूल्स वाचता येतात आणि फॉल्ट आला तेव्हा गाडी किती किलोमीटरवर होती त्याचीही नोंद सापडू शकते. मीटर ४३ हजार दाखवतोय आणि गिअरबॉक्समधला फॉल्ट ७० हजारांवरचा असेल, तर पुढे बोलायची गरज उरत नाही.

दुसरी गोष्ट रीमॅप. म्हणजे हार्डवेअर तेच ठेवून इंजिन कंट्रोल युनिटमधलं सॉफ्टवेअर बदलायचं, टर्बोचं प्रेशर वाढवायचं. फोनला कस्टम रॉम टाकण्यासारखंच, फक्त इथे बिघडलं तर बिल लाखात जाऊ शकतं. जुन्या १.२ लिटर पोलो जीटीचं इंजिन मुळात १०५ पीएस आणि १७५ न्यूटन मीटरचं. तिचा सात गिअरचा डीक्यू२०० डीएसजी २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनवलाय आणि त्याचे क्लच कोरडे आहेत. रीमॅप केल्यावर ही मधली मोकळी जागा संपत जाते आणि वर आपलं सिग्नल-टू-सिग्नल ट्रॅफिक. २०२० मध्ये आलेल्या १.० टीएसआयला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आहे. पहिलीच गाडी असेल तर मी त्याच गाडीकडे जाईन, जुनीचा आवाज कितीही गोड असला तरी.

गंमत म्हणजे विकताना मालक मूळ फाइल परत टाकतात, गाडी पुन्हा "स्टॉक" होते. झिजलेला क्लच मात्र स्टॉक होत नाही. कंट्रोल युनिटमध्ये किती वेळा फ्लॅश केलं त्याचा काउंटर असतो, तो तपासायला सांगा. काही ट्यूनर तोही लपवतात, त्यामुळे काउंटर ठीक दिसला तरी क्लचची तपासणी टाळू नका. रीमॅप अजून गाडीतच असेल आणि इन्शुरन्स कंपनीला कळवलेला नसेल, तर अपघातानंतर क्लेम नाकारायला तिला आयतं कारण मिळतं.

आता पंपावरच्या ई२० पेट्रोलचं काय? एप्रिल २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. पेट्रोलच्या तुलनेत इथेनॉलमध्ये लिटरमागे साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून इंजिनला थोडं जास्त इंधन सोडावं लागतं. ओबीडी अ‍ॅपमध्ये लाँग टर्म फ्युएल ट्रिम काही टक्के प्लसमध्ये दिसला तर घाबरू नका, तो इथेनॉलचा हिशेब असू शकतो. दहाच्या वर सतत दिसत असेल तर मात्र कुठेतरी हवा गळतेय किंवा इंजेक्टर, पंप थकलाय. रीमॅप केलेल्या गाडीत हे जास्त महत्त्वाचं, कारण इंधन कमी पडत असताना टर्बो जोर लावत राहिला तर पिस्टनवर येतं.

पैसे देण्याआधीची शेवटची तपासणी फोनवरच होते. आय२० एन लाइनसारख्या ब्लूलिंक असलेल्या गाडीत आधीच्या मालकाच्या अ‍ॅपवरून गाडी कुठे आहे ते दिसतं आणि दारं उघडतातही. फोन विकताना आपण अकाउंट काढतो, गाडी विकताना कुणाच्या लक्षात येत नाही. त्यामुळे विकणाऱ्यासमोर बसून त्याच्याकडून त्याचं अकाउंट काढून घ्या, मग तुमचं जोडा.

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्याच बैठकीत. गाडी परराज्यातली असेल तर एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरूनच भाव करा. आणि इन्शुरन्स १४ दिवसांत तुमच्या नावावर करायला अर्ज द्या. विकणारा म्हणेल, "पॉलिसी चालू आहे, नो क्लेम बोनस पण आहे." तो बोनस त्याचा आहे, गाडीचा नाही.